कोरडा हात

नीलांबिकेला बघायला दावणगेरेच्या अंगडी घराण्यातली मंडळी हरिहरला येणार होती, त्या दिवशी तिच्या आईनं तिला सकाळपासून तुरटीच्या पाण्यात हात बुडवून बसवलं होतं. मधूनमधून येऊन आई ते हात उलटेपालटे करून बघायची आणि म्हणायची, "अजून थोडा वेळ." हात नव्हतेच जणू, उकडत घातलेले बटाटे होते.

तुरटीनं काही व्हायचं नाही हे नीलाला ठाऊक होतं. कळायला लागल्यापासून तिच्या तळहातांना आणि तळपायांना घाम फुटायचा, आणि तो घाम उन्हातान्हाचा नव्हता. पंख्याखाली यायचा, थंडीत यायचा आणि आता येऊ नये असं मनात आलं की दुपटीनं यायचा. शाळेत ती हाताखाली टीपकागद ठेवून पेपर लिहायची, तरी गणिताच्या बाईंनी एकदा भर वर्गात विचारलंच होतं, "काय गं, पेपर नदीत बसून लिहिलास का?" खेळताना मुली तिचा हात धरत नसत, मनगट धरत. चप्पल पायातून पुढे सटकायची म्हणून तिनं चपलांच्या तळाला आतून जुन्या लुगड्याचं फडकं शिवलं होतं.

"कॉफीचा ट्रे दोन्ही हातांनी धर," आईनं बजावलं. "कप कुणाच्या हातात देऊ नकोस. ज्याचा तो उचलेल."

हात सांभाळले. पायांचं कुणाच्या लक्षात आलं नाही. नीला ट्रे घेऊन बाहेर आली आणि स्वयंपाकघराच्या दारापासून चटईपर्यंत लाल गुळगुळीत जमिनीवर तिची ओली पावलं उमटली. मुलाची आत्या तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "पाय धुतल्यावर पुसायची पद्धत नाही वाटतं तुमच्यात?"

आई काहीतरी सावरून घेत बोलली. नीलाची मान खाली गेली ती वर आलीच नाही. म्हणून तिला दिसलं नाही की मुलगा, कोट्रेश, त्या पावलांकडे एकटक बघत होता. त्यानं उकाड्यातही पायात मोजे घातले होते आणि दोन्ही हातांत एक रुमाल गच्च धरला होता.

चार वर्षं मुली नाकारत आलेल्या कोट्रेशनं गाडीत बसल्या बसल्या होकार दिला. थोरला भाऊ महांतेश त्याला म्हणाला, "अरे, मुलीनं मान तरी वर केली का? काय बघितलंस तिच्यात?"

"बघितलं," एवढंच कोट्रेश म्हणाला.

लग्नात अय्यांनी, म्हणजे लग्न लावणाऱ्या जंगमांनी, वधूवरांचा हातावर हात ठेवून वरून दुधाची धार सोडली, तेव्हा कुणाचा हात किती ओला हे दुधात कळायचा प्रश्नच नव्हता. कळलं ते लग्नानंतर तिसऱ्या दिवशी, दुपारी. जेवणं होऊन घरातली पाहुणेमंडळी जिथं जागा मिळेल तिथं कलंडली होती. नीला गच्चीवरच्या खोलीत एकटी बसून रुमालानं हात पुसत होती. कोट्रेश आत आला, तशी तिनं रुमाल मागे लपवला.

"लपवू नकोस," तो म्हणाला. "हे बघ."

त्यानं दोन्ही तळवे तिच्यासमोर उघडले. बोटांच्या पेरांवर थेंब उभे होते. बघता बघता ते ओघळून मनगटाकडे निघाले.

नीलाला क्षणभर वाटलं, हा आपली नक्कल करतोय. मग तिनं आपला तळवा त्याच्या तळव्यावर ठेवला. पचकन आवाज झाला. दोघंही एकमेकांकडे बघत राहिले आणि मग जे हसत सुटले ते खालच्या पाहुण्यांची झोपमोड होईपर्यंत.

"आत्याबाईंनी माझ्या पायांचा विषय काढला त्या दिवशी!" नीला डोळे पुसत म्हणाली.

"माझे मोजे कुणी काढायला लावले नाहीत म्हणून वाचलो," कोट्रेश म्हणाला. "नाहीतर तुमच्या बैठकीत तळंच झालं असतं."

असा त्यांचा संसार सुरू झाला. ज्या गोष्टीची आयुष्यभर लाज वाटली, ती ज्याच्याशी बोलता येईल असं माणूस घरातच भेटलं होतं. रोज सकाळी दोघं शेजारी शेजारी पूजेला बसत. डाव्या तळहातावर इष्टलिंग घ्यायचं, त्याला भस्म लावायचं. दोघांच्याही तळव्यांवर भस्माचा चिखल होई. "शिवाला आपल्याकडे अभिषेक आयताच," कोट्रेश कुजबुजे. संध्याकाळी तो दुकानातून आला की नीला घमेल्यात चहाची पूड उकळून गार केलेलं पाणी ओते आणि दोघं चारही पाय त्यात सोडून बसत. कुणीतरी सांगितलं होतं, त्यानं घाम आटतो. आटत नव्हता, पण तो वेळ दोघांचा होता. दिवसभर दुकानात कुणी काय घेतलं, कुणी नुसतं उलगडून ठेवलं, सगळं तो त्या घमेल्याच्या काठावर सांगे.

सासूला नीला अत्ते म्हणे. अत्तेंची जीभ तिखट होती. "आमच्या सुनेला भाकरीचं पीठ मळायला पाणी लागत नाही," असं त्या शेजारणींना सांगत. पण कोट्रेश लगेच म्हणे, "अव्वा, मग माझ्याकडूनही मळून घे, दोन भाकऱ्या जास्त होतील." की अत्ते गप्प.

मुलगी झाली. बारशाला कोट्रेशनं नाव सुचवलं, सिंचना. सगळ्यांना आवडलं. नीलानं त्याच्याकडे बघितलं तर हा मिशीत हसत होता. वर्षभरात दिसलंच, पोरीच्या इवल्या मुठी उघडल्या की आत दव पडल्यासारखं असे.

त्या काळजीनं दोघं एकदा कातडीच्या डॉक्टरांकडे गेले. म्हातारे, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. ते म्हणाले, "मुलीला आत्ता काही करू नका. तुम्हाला पाहिजे तर ऑपरेशन आहे. बगलेतून दुर्बीण घालून छातीच्या आतली एक नस तोडतात. हात कोरडे होतात. पण घाम कुठं जाणार? कित्येकांना तो पाठीला, पोटाला, मांड्यांना फुटतो. तो मग थांबवता येत नाही. तोडलेली नस जोडताही येत नाही."

बाहेर पडून दोघं लोण्याचा डोसा खायला बसले. नीला म्हणाली, "मला नको बाई. हात तरी पुसता येतात, पाठ कुठं पुसत बसू?"

"मलाही नको," कोट्रेश म्हणाला. "आणि कधी करायचंच ठरलं तर दोघांनी मिळून ठरवायचं. एकट्यानं नाही."

"वचन?"

"वचन." त्यानं टेबलावरून हात पुढे केला. वेटरनं तो ओला हात बघून टेबल पुसायचं फडकं आणून दिलं, त्यावरही दोघं हसले.

सिंचना सहा वर्षांची झाली त्या वर्षी दुकानात एक प्रसंग घडला. अंगडींचं दुकान मंडीपेठेतलं नावाजलेलं. गादीवर बसून साड्या उलगडायचं काम महांतेशचं. कोट्रेश मागे बिलं आणि माल बघायचा, रेशमाला हात लावायचा नाही. पण लग्नसराईतल्या गर्दीत एका नवऱ्या मुलीची माणसं खोळंबली होती म्हणून त्यानं एक पोपटी कांचीवरम स्वतःच उलगडून दाखवली. पदरावर पाची बोटं उमटली. मुलीच्या मावशीनं साडी बोटांच्या चिमटीत धरून बाजूला सारली. महांतेश सगळ्यांसमोर ओरडला, "तुला किती वेळा सांगितलंय रे, रेशमाला शिवू नकोस म्हणून? मागे जा!"

पस्तिशीच्या माणसाला, गावासमोर, "मागे जा." कोट्रेश त्या दिवशी घरी येऊन जेवला नाही. घमेल्यात पायही सोडले नाहीत. नीला त्याच्या शेजारी बसून राहिली. "ते रागात बोलले," ती म्हणाली. "तुम्ही मनावर घेऊ नका."

"नाही घेत," तो म्हणाला.

पुढच्या महिन्यात त्यानं सांगितलं, "कांचीला जाऊन येतो. माल बघायचाय. महांतेशअण्णाही आहे बरोबर. आठवडा लागेल." नीलानं प्रवासाला चटणीपूड आणि कडक भाकरी बांधून दिली. तो रोज फोन करायचा. कांचीत उकाडा फार आहे म्हणायचा, विणकरांकडे गेलो होतो म्हणायचा. एकदा त्याचा आवाज खोल गेलेला वाटला. तिनं विचारलं तर म्हणाला, "दगदग गं. झोप झाली नाही." परत आला तो तिच्यासाठी एक जांभळी साडी घेऊन. थकलेला दिसत होता, म्हणून तिनं काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पूजेला बसले. कोट्रेशनं तळहातावर लिंग घेतलं, भस्माची चिमूट सोडली. नीलाची नजर सहज गेली. भस्म जसं पडलं तसंच राहिलं होतं. पांढरं, कोरडं, फुंकर मारली तर उडेल असं.

तिचं पूजेतलं लक्ष उडालं. पूजा आटोपेपर्यंत ती कशीबशी बसली. मग तिनं त्याचा हात धरला. तिचा ओला तळवा त्याच्या तळव्यावरून नुसता सरकला. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यासारखा लागला तो हात.

"हे काय?"

कोट्रेश हात सोडवून घेऊ लागला.

"अहो, हे काय आहे?"

"बेंगळुरूला गेलो होतो," तो म्हणाला. "करून घेतलं."

तिनं त्याच्या सदऱ्याची बटणं सोडली. दोन्ही बगलांत बोटाच्या पेराएवढ्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. आठ दिवस ही चटणी टिकेल का, भाकरी मऊ पडेल का, याची काळजी तिनं केली होती, आणि हा दवाखान्यात झोपून कांचीचा उकाडा सांगत होता.

"कुणाकुणाला माहीत होतं?"

"अण्णाला. अव्वाला." मग म्हणाला, "वहिनीलाही."

म्हणजे घरात सिंचना आणि ती, दोघीच आंधळ्या. पूजेच्या पाटावर ती तशीच बसून राहिली. तो म्हणाला, "मी सांगणारच होतो. तू घाबरली असतीस. नको म्हणाली असतीस."

"म्हणाले असते. मग तुम्ही तुमचं सांगितलं असतंत, मी माझं. तेच ठरलं होतं ना?"

"झालं ते झालं, नीला. आता बघ तरी किती कोरडे आहेत," तो हात पुढे करत म्हणाला. त्याच्या आवाजात असा आनंद होता की तो त्याला लपवता येत नव्हता. त्या आनंदानंच नीलाला जास्त लागलं. दुपारी जांभळी साडी घडी घालून ठेवताना थोरली जाऊ म्हणाली, "ही तर आपल्याच दुकानातली, वरच्या फळीवरची." नीलानं साडी ट्रंकेच्या तळाशी टाकली.

कोट्रेश गादीवर बसू लागला. साड्या उलगडू लागला, पदर हातावर घेऊन फिरवू लागला, गिऱ्हाइकांशी हात मिळवू लागला. खरं सांगायचं तर त्याला ते काम महांतेशपेक्षा चांगलं जमायचं. इतकी वर्षं मागून बघून बघून त्याला बायकांची नजर कळत होती. दुकानातले लोक म्हणत, धाकल्या अंगडींच्या हाताला गुण आहे. नीला हे ऐके आणि तिला बरंही वाटे. नाही कसं? त्या "मागे जा"ची आग तिनंही गिळली होती. तिनं स्वतःची समजूत घातली. थोरल्या भावानं भरीला घातलं असेल. आईनं शपथ घातली असेल. हा तसा भिडस्त. त्याचं एकट्याचं डोकं नाही हे.

पण घमेलं आता ती एकटीच भरी. "मला काय उपयोग आता?" तो म्हणे. पाय त्याचे अजून ओलेच असायचे, पण तो घरातही मोजे घालून फिरे. एकदा तिनं त्याला पाण्याचा पेला दिला. पेला घेऊन त्यानं हात विजारीला पुसला. सहज, बघायलाही न लागता. नीला तिथंच उभी होती. ज्या हालचालीला ती शाळेपासून ओळखत होती, ती हालचाल आज या माणसानं केली.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली.

लग्नसराई आली तशी तो एक दिवस म्हणाला, "डबा पाठवायचा तर नोकराबरोबर पाठव. तू आलीस की साड्यांना हात लावतेस, मग..." पुढचं त्यानं ओठातच ठेवलं.

मग उन्हाळा लागला, आणि म्हाताऱ्या डॉक्टरांचं म्हणणं खरं झालं. आधी पाठ. मग पोट, मांड्या. हात कोरडे ठणठणीत, आणि सदरा पिळून काढावा असा. गादीवर बसून उठला की खाली ओला डाग. तो काळी जाकिटं घालू लागला, दिवसातून तीनदा बनियन बदलू लागला. एका दुपारी घरी येऊन दार लावून घेत तो म्हणाला, "नीला, काय करू? तुला यातलं कळतं. तू सांग."

तिनं सांगितलं. आत सुती फडकं कसं धरायचं, कुठल्या रंगावर पाणी दिसत नाही, पंख्याच्या कुठल्या बाजूला बसायचं. आयुष्यभराची विद्या होती तिची. बनियन तीच धुवायची, दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून मागच्या दोरीवर वाळत घालायची. "अण्णाला कळू देऊ नकोस," तो म्हणाला. "तो पुन्हा मागे बसवेल." तिनं कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. मनातून तिला वाटत होतं, आता तरी हा आपल्याकडे परत येईल.

अक्षय तृतीयेच्या आदल्या शनिवारी सिंचनाला शाळेच्या नाचासाठी परकर-पोलक्याचं कापड हवं होतं म्हणून नीला तिला घेऊन दुकानात गेली. दुकान भरलेलं होतं. गादीपुढे एका मोठ्या जमीनदार घराण्यातली वयस्क बाई सुनांना घेऊन बसली होती. तिनं सिंचनाला जवळ बोलावलं, कौतुकानं हात हातात घेतला आणि दचकून सोडला.

"अगं बाई! हात किती ओले पोरीचे! ताप-बीप आहे की काय?"

कोट्रेश हसला. साडीची घडी मोडत म्हणाला, "ताप नाही हो, अम्मा. आईवर गेलीय. आमच्या घराण्यात हे नव्हतं."

सिंचनानं आधी आपल्या हातांकडे बघितलं, मग आईच्या हातांकडे, आणि दोन्ही हात फ्रॉकला पुसत मागे नेले.

नीलाला पुढचं काही ठरवून सुचलं नाही. तिच्या तोंडून शब्द गेले, तेही हळूच. "खोटं का बोलता?"

गादीपुढच्या सुनांनी माना वळवल्या.

"अम्मा," नीला त्या बाईला म्हणाली, "हिच्या वडिलांचे हात माझ्याहून ओले होते. त्यांनी गेल्या वर्षी बेंगळुरूला जाऊन नस तोडून घेतली. आता तोच घाम पाठीतून येतो. म्हणून उन्हाळ्यात जाकीट आहे. पोर दोघांवरही गेलीय."

सगळ्यांच्या नजरा जाकिटावर गेल्या. कोट्रेशच्या कपाळावर काही नव्हतं, हातांवर काही नव्हतं. पण मानेमागून एक ओघळ कॉलरमध्ये उतरला तो पहिल्या रांगेतल्या सुनेनं बघितला आणि तोंडावर पदर धरला. महांतेश हातातलं माप खाली ठेवून उठला. नीलानं सिंचनाचा हात धरला, मनगट नाही, हात, आणि ती पायऱ्या उतरली.

घरी महांतेशनं थयथयाट केला. घराण्याची अब्रू, दुकानाचं नाव, सगळं झालं. कोट्रेश बाहेरच्या बाहेर कुठंतरी निघून गेला होता. संध्याकाळी नीला मागच्या अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती, तिथं अत्ते येऊन पायरीवर बसल्या.

"दुकानात बोलायचं नव्हतंस," त्या म्हणाल्या.

"आणि त्यांनी?"

"त्यानंही नव्हतं बोलायचं. पोरीसमोर तर नाहीच."

अत्तेंकडून असं ऐकायची नीलाला सवय नव्हती. तिचा बांध फुटला. "तुम्हीच केलंत हे सगळं! तुम्ही आणि मोठ्या भाऊजींनी मिळून नेलंत त्यांना. मला कळू दिलं नाहीत. इतकी वर्षं तुमच्या घरात आहे मी, एका शब्दानं..."

"मी?" अत्ते तिच्याकडे बघतच राहिल्या. "अगं, मी त्याला म्हणाले होते, बायकोला सांगून जा. मी तुला बोलत असेन हजार गोष्टी, पण बाईला न सांगता तिच्या नवऱ्याच्या अंगावर सुरी चालवायची, हे मला पटलं नव्हतं. महांतेशही म्हणाला, नीलाला सांग. तोच नको म्हणाला."

नीलाच्या हातातला कपडा तसाच राहिला. "काय म्हणाले?"

अत्ते म्हणाल्या, "म्हणाला, आधी सांगितलं तर वाद घालेल. झाल्यावर सांगितलं तर चार दिवस रडेल आणि सांभाळून घेईल. तिचा स्वभाव मला माहीत आहे."

नीलानं तो कपडा पुन्हा दोरीवर टाकला. वर्षभर तिनं ज्या दोन भिंतींना टेकून स्वतःला उभं ठेवलं होतं, भाऊ आणि आई, त्या दोन्ही भिंती सरकल्या होत्या. त्यानं तिच्या चांगुलपणाचा आधीच हिशोब मांडला होता. सांभाळून घेईल. आणि तिनं घेतलंही होतं, अगदी बनियन धुण्यापर्यंत.

दिवेलागणीला कोट्रेश घरी आला. खोलीत येऊन त्यानं जाकीट काढलं, सदरा काढला, चिंब बनियन डोक्यावरून ओढून काढला आणि रोजच्या सवयीनं तिच्यापुढे धरला. तिनं तो घेतला नाही. बनियनमधून जमिनीवर टपटप पाणी पडत राहिलं.

"धर की," तो म्हणाला.

"नाही."

"दुकानातलं मी विसरतो, नीला. तूही विसर."

"दुकानातलं राहू द्या. अत्तेंना तुम्ही काय म्हणाला होतात? चार दिवस रडेल आणि सांभाळून घेईल?"

तो खाटेच्या कडेला बसला. मग म्हणाला, "खोटं नाही बोलत आता. तुझा हात हातात घेतला की मला सगळं आठवायचं. शाळा, तो पोपटी पदर, अण्णाचं ओरडणं. तू जवळ असलीस की मी तोच राहायचो. मला त्यातून सुटायचं होतं."

"त्यातून म्हणजे माझ्यातून."

"तसं नाही गं."

"तसंच आहे," नीला म्हणाली. "मला वाटायचं, जगात एक माणूस आहे ज्याला माझ्या हाताची किळस येणार नाही, कारण त्याचाही हात तसाच आहे. तुम्हाला माझ्या आधीपासून स्वतःची किळस होती. मला ती दिसली नाही. मी हसत बसले."

तो रडला. तिला त्याची कीव आली, आणि कीव आली याचाच राग आला. पूर्वीची नीला उठून त्याची पाठ पुसायला गेली असती. ती उठली, सिंचनाच्या खोलीत गेली आणि पोरीच्या शेजारी तिनं आपलं अंथरूण टाकलं.

जूनमध्ये तिनं हरिहरच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायची नोकरी धरली. लग्नाआधी तिला अशीच नोकरी चालून आली होती, तेव्हा हातात खडूचा लगदा होईल म्हणून तिनं ती नाकारली होती. आता ती खडूला कागदाची गुंडाळी करते. तरी संध्याकाळपर्यंत बोटं पांढरी चिकट होतात. मुलींनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, बाई, तुमचे हात ओले का? तिनं सांगितलं, जन्मापासून आहेत. मुलींना ते पुरलं. मागच्या बाकावरची एक मुलगी मधल्या सुटीत एकटी येऊन नुसते हात दाखवून गेली.

महांतेशनं कोट्रेशला मागे बसवलं नाही. लोक चार दिवस बोलले आणि मग साड्या घ्यायला आले. जाकीट मात्र त्यानं सोडलं. पाठ ओली असली तर असते. बनियन तो स्वतः धुतो. एके दिवशी त्यानं सिंचनाला समोर बसवून सांगितलं, "दुकानात मी खोटं बोललो होतो. माझेही हात तुझ्यासारखेच होते."

"मग तुम्ही ती नस का तोडली?" पोरीनं विचारलं.

"लाज वाटायची."

"आईची पण?"

तो उठून तिचं दप्तर आवरू लागला. नीला दाराआड पोळ्यांचं फडकं घेऊन उभी होती. त्यानं खरं सांगितलं याचं तिला समाधान वाटलं. आत जाऊन त्याच्याजवळ बसावं असं काही वाटलं नाही.

नीलाचं अंथरूण अजून सिंचनाच्या खोलीतच आहे; तो सकाळी तिला स्कूटरवरून बसस्टँडवर सोडतो. बोलणं होतं, सिंचनाची फी, अत्तेंचा गुडघा, गॅसचा नंबर. गौरीच्या सणानंतर एकदा बसची वाट बघताना त्यानं विचारलं, "अजून किती दिवस, नीला?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला माझा स्वभाव माहीत होता. मला आता तो माहीत नाही."

हरिहरची बस आली. कंडक्टर ओरडला, लोक दाराशी लोटले. कोट्रेशनं तिची पिशवी वर दिली. तिनं ती घेतली, खिडकीची जागा धरली आणि मुलींच्या चाचणीचे पेपर तपासायला काढले.